लाइन बदलत राहणार हे धरूनच साधन घ्या: मटेरियल हँडलिंगची निवड, नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही एमआयडीसीत टू-व्हीलर थ्री-व्हीलरचे पार्ट बनवून देणाऱ्या व्हेंडरकडं जा, चित्र साधारण सारखंच. वर्षभर एकच जॉब (म्हणजे मशीनवर बनणारा पार्ट) एकाच लाइनवर चालला असं आता होत नाही. सकाळी एक व्हेरियंट, जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा, सहा महिन्यांनी कस्टमरचं नवीन मॉडेल आलं की दोन मशीन उचलून पलीकडं ठेवा, अन् आता इलेक्ट्रिक गाड्यांचे पार्ट पण त्याच शेडमध्ये घुसायलेत. मशीनचं बघायला सीएनसीवाले आहेत, फिक्स्चरचं बघायला टूल रूम आहे, पण जॉब स्टोअरमधून लाइनवर, या मशीनवरून त्या मशीनवर, अन् तिथून डिस्पॅचला कशावर बसून जाणार हे कोणी विचारतच नाही. शेवटी ते काम नव्यानं लागलेल्या डिप्लोमावाल्या पोरापोरीच्या गळ्यात पडतं. "तीन कोटेशन मागव अन् स्वस्तातलं बघ," एवढीच सूचना.

हा लेख त्यांच्यासाठी, अन् पहिलंच शेड टाकणाऱ्या छोट्या मालकांसाठी. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो: लाइन बदलती ठेवायची असेल तर दोन गोष्टी ठाम करा, डबा अन् उंची. बाकी सगळं चाकावर किंवा बोल्टवर ठेवा. बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलटं होतं, म्हणजे कन्व्हेयर जमिनीत गाडलेला अन् डबे मात्र सात प्रकारचे.

आधी आठवडाभर नुसतं बघा

कोटेशन मागवायच्या आधी एक वही घ्या अन् शॉप फ्लोअरवर उभे राहा. कुठला जॉब कुठून कुठं जातो, किती अंतर, डब्यात किती पीस, डबा भरून किती किलो, कोण ढकलतं, अन् रिकामा डबा परत कधी येतो. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. भरलेल्या डब्याला जेवढी जागा लागते तेवढीच रिकाम्यालाही लागते, अन् ती जागा लेआउटमध्ये दाखवलेली नसली की रिकामे डबे गँगवेमध्ये, म्हणजे ये-जा करायच्या वाटेत, थप्पी लावून बसतात.

मग थोडं गणित. समजा मागच्या चाकाच्या हबचं मशीनिंग आहे. शिफ्टमधून चहा-जेवण वजा करून ४५० मिनिटं हातात राहतात अन् ९०० पीस पाहिजेत, म्हणजे दर ३० सेकंदाला एक पीस. एका व्हेरियंटचे डब्यात १२ बसतात, तर डबा ६ मिनिटं पुरतो. स्टोअरची गाडी दर अर्ध्या तासानं फेरी मारत असेल तर फेरीला ५ डबे. आता दुसरा व्हेरियंट जाडजूड, डब्यात ८ च बसतात, तर डबा ४ मिनिटांत संपतो अन् त्याच फेरीला साडेसात, म्हणजे ८ डबे लागतात. पीस तेवढेच, मशीन तीच, लोक तेच, पण ट्रॉली ५ डब्यांची घेतली असेल तर दुसऱ्या व्हेरियंटला लाइन थांबणार अन् सुपरवायझर हेल्परवर ओरडणार, ज्याचा यात काही दोष नाही. म्हणून आज चालू असलेल्या जॉबवर नाही तर तुमच्याकडच्या सगळ्यात नडणाऱ्या जॉबवर साधनाचं माप काढायचं, अन् मार्केटिंगवाल्याला विचारायचं की आरएफक्यू (कस्टमरनं केलेली कोटेशनची मागणी) कुठल्या कुठल्या पार्टच्या आल्यात, कारण वर्षभरात त्यातलंच काहीतरी तुमच्या डोक्यावर येणार असतं.

डबा ठरवा

इथं थोडा वेळ घालवा, कारण पुढचं सगळं डब्यावर अवलंबून आहे. प्लास्टिक क्रेटमध्ये ६०० बाय ४०० मिमी हे माप सगळीकडं मिळतं, अन् त्याच्या निम्मं म्हणजे ४०० बाय ३००. १२०० बाय १००० च्या पॅलेटवर (डबे रचायचा फळ्यांचा पाट) ६०० बाय ४०० चे बरोबर ५ डबे एका थरात बसतात, एका बाजूला दोन आडवे अन् दुसऱ्या बाजूला तीन उभे, एक इंचही वाया जात नाही. १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर ४. लहान क्रेट दोन शेजारी ठेवले की एका मोठ्याची जागा. ही दोनच मापं धरली तर ट्रॉली, रॅक, रोलर, पॅलेट सगळं एकमेकांत बसतं, अन् व्हेरियंट बदलला तरी बदलायचा फक्त डब्यातला सेपरेटर. व्हेरियंटप्रमाणं सेपरेटर बदला, डबा नको.

कस्टमरचा स्वतःचा रिटर्नेबल बिन (भरून पाठवायचा अन् रिकामा परत येणारा डबा) असेल तर मात्र तुमच्या आवडीला अर्थ नाही, त्याचं पॅकेजिंग स्टँडर्ड आधी मागवून घ्या. शक्य असेल तर पहिल्या मशीनपासून त्याच बिनमध्ये जॉब फिरवा. शेवटी डबा बदली करायला एक माणूस लागतो अन् जॉबला डेंट पडतात ते तिथंच.

डब्याचं वजन भरून १५ ते १७ किलोच्या पुढं जाऊ देऊ नका असं माझं मत. "माणूस २५ किलो सहज उचलतो हो" असं कोणीतरी म्हणेलच, त्याला शिफ्टभर दर ४ मिनिटांनी उचलायला लावा अन् मग विचारा. अन् डबा घेताना तळ उलटा करून बघा. सपाट तळ रोलरवर नीट पळतो, खाली पट्ट्या अन् खाचा असलेला रोलरवर थडथडत जातो अन् मध्येच अडतो.

मग उंची

दुसरी ठाम गोष्ट. सगळ्या लाइनला एकच आकडा ठरवा, उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी ९०० मिमीच्या आसपास बरा पडतो. मशीनशेजारचं टेबल, रोलर, इन्स्पेक्शन टेबल, ट्रॉलीचा वरचा भाग, सगळं त्याच उंचीला. असं झालं की डबा उचलायचा नसतो, सरकवायचा असतो, अन् कुठलंही मशीन कुठंही नेलं तरी ट्रॉली त्याला जाऊन बरोबर भिडते. देणारी बाजू घेणाऱ्या बाजूपेक्षा पाच-दहा मिमी वर ठेवायची, मग डबा काठाला अडत नाही. फ्लोअर कुठंच लेव्हलला नसतो, म्हणून टेबलांना बेस प्लेट न लावता ॲडजस्टेबल पाय लावा, ५० मिमी तरी वर-खाली झालं पाहिजे.

पॅलेटवरून माल घ्यायचा असेल तिथं वरचा थर छातीला अन् खालचा पायाशी असतो. तिथं सिझर लिफ्ट टेबल (कात्रीसारख्या पायांवर हायड्रॉलिकनं वर-खाली होणारं) घ्या किंवा स्प्रिंगवालं सेल्फ लेव्हलिंग टेबल, ज्यात वजन कमी झालं की टेबल आपोआप वर येतं. स्प्रिंगवाल्याला लाइट लागत नाही, उचलून दुसरीकडं नेता येतं. पण त्याची स्प्रिंग ठराविक वजनाच्या पट्ट्यात चालते, तेव्हा एका व्हेरियंटचं पॅलेट ४०० किलो अन् दुसऱ्याचं ९०० असेल तर हायड्रॉलिक सिझर लिफ्टच घ्यावं लागेल.

फ्लोअर तपासा, नाहीतर चाकं रडतील

आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, अन् मुरूम नीट न भरता कोबा केलेला असला तर दोन-चार वर्षांत फ्लोअर जॉइंटला उचलला जातो, भेगा पडतात. जुन्या शेडमध्ये हे सर्रास दिसतं. कॅटलॉगमधले फोटो आरशासारख्या इपॉक्सी फ्लोअरवरचे असतात, त्यांच्यावर जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी एक भरलेली ट्रॉली घेऊन तुमच्या ठरलेल्या रस्त्यानं स्वतः ढकलत जा. कुठं अडते, जमिनीतल्या चरावरच्या कुठल्या झाकणावर (ट्रेंच कव्हर) उडते, शटरजवळच्या उतारावर कशी पळत सुटते, सगळं कळतं.

अजून एक स्वस्त युक्ती. लटकवायचा डिजिटल काटा घ्या, ट्रॉलीच्या हँडलला अडकवा अन् ओढा. काटा किती दाखवतो ते बघा, सुरू होताना किती अन् चालू झाल्यावर किती. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात ढकलायला सुरुवात करताना पुरुषांसाठी साधारण २० किलो अन् बायकांसाठी १५, चालू राहिल्यावर १० अन् ७ असे आकडे आहेत. चांगल्या फ्लोअरवर चांगल्या चाकांची २०० किलोची ट्रॉली चालू झाल्यावर पाच-सहा किलोत पळते. तुमच्याकडं काटा १५ दाखवत असेल तर मोटरवाली गाडी घ्यायच्या आधी चाक अन् फ्लोअर दुरुस्त करा.

चाकांवर घासाघीस नको

ट्रॉली बनवणारे फॅब्रिकेशनवाले वाळूजमध्ये गल्लोगल्ली आहेत, काम चांगलं करतात, पण रेट पाडायला सांगितला की पहिली कात्री चाकांना लागते. अन् ट्रॉली म्हणजे खरं तर चाकंच, वरचा लोखंडी सांगाडा कोणीही जोडतो.

चार चाकं असली तरी वजन तीन चाकांवर धरून चाक निवडायचं, कारण खाली-वर फ्लोअरवर एक चाक कायम हवेत असतं. वरच्या हबच्या उदाहरणात ८ डबे गुणिले १७ किलो म्हणजे १३६, अधिक ट्रॉलीचे ६० धरा, झाले २०० च्या जवळ. भागिले ३ म्हणजे ६७, तर प्रत्येक चाक १०० किलोचं घ्या. ट्रॉलीचंच वजन मालापेक्षा जास्त भरलं तर नाकापेक्षा मोती जड, सांगाडा हलका करायला सांगा.

चाकाचं मटेरियल बघा. पीयू (पॉलियुरेथेन) चाक आवाज करत नाही, फ्लोअर राखतं, पण मशीन शॉपमध्ये खाली धातूच्या बारीक कडा (बर) अन् चिप्स पडलेल्या असतात त्या मऊ चाकात रुततात, मग चाक थोड्या दिवसांत फणसासारखं काटेरी होतं अन् ट्रॉली खरखर करत चालते. तिथं नायलॉन चालतं, चिप्सवरून सरळ निघून जातं, फक्त आवाज जास्त अन् फ्लोअर खराब असेल तर जॉबला हादरे बसतात. असेंब्ली अन् फायनल इन्स्पेक्शनला पीयू, मशीन शॉपला नायलॉन किंवा कडक पीयू, असं मी तरी सांगेन. व्यास १०० ऐवजी १५० मिमी घेतला तर जॉइंटवरून चाक सहज जातं. लांब अंतराला दोन फिक्स दोन फिरती चाकं, अरुंद सेलमध्ये (जवळजवळ लावलेल्या मशीनच्या गटात) आडवं सरकवायचं असेल तर चारही फिरती, पण त्यातल्या दोन चाकांना दिशेचं लॉक घ्या, नाहीतर उतारावर ट्रॉली भलतीकडंच जाते. ब्रेक तर पाहिजेतच.

पाच-सहा ट्रॉल्या एकामागं एक जोडून टगरनं (पुढून ओढणारी छोटी गाडी) ओढायच्या असतील तर साधी ट्रॉली चालत नाही, वळणावर मागची ट्रॉली आतून कोपरा मारते अन् मशीनला घासते. त्याला चारही चाकं वळणारी, पुढच्याच्या मागं त्याच रस्त्यानं येणारी ट्रॉली घ्यावी लागते.

रोलर, पाइप अन् बोल्ट

मशीनमधलं अंतर कमी असेल तर ग्रॅव्हिटी रोलर हे सगळ्यात शहाणं साधन. मोटर नाही, सेन्सर नाही, लाइट गेली तरी डबा पळतो. नियम सोपा आहे, डब्याखाली कुठल्याही क्षणी किमान ३ रोलर पाहिजेत. ६०० मिमी लांब डब्याला १५० मिमी पिच (दोन रोलरमधलं अंतर) भागतो, पण उद्या ३०० मिमीचा लहान डबा आला तर १५० वर तो डुचमळणार, त्याला १०० पाहिजे. म्हणून सुरुवातीलाच १०० पिच घ्या, रोलर जास्त लागतात, पैसे थोडे जास्त जातात, पण परत बदलावं लागत नाही. उतार मीटरला तीन-चार सेंटीमीटरपासून सुरू करून बघा, अन् भरलेला अन् रिकामा दोन्ही डबे सोडून बघा. भरलेला धाडकन जाऊन आदळतो अन् रिकामा मध्येच थांबतो, दोघांच्या मधला उतार शोधायचा असतो. म्हणूनच स्टँडच्या पायाला उंची बदलायची सोय पाहिजे. सोय नाही म्हणणाऱ्या व्हेंडरला नमस्कार करा.

रॅक अन् टेबलांसाठी २८ मिमीचा पाइप अन् जॉइंटवाला प्रकार मिळतो, ॲलन कीनं खोलायचा अन् परत जोडायचा. वेल्डिंगच्या रॅकपेक्षा महाग पडतो हे खरं. पण वेल्डिंगचा रॅक व्हेरियंट बदलला की भंगारात, अन् हा तुमचाच मेंटेनन्सवाला दुपारभरात नव्या मापाचा करून देतो. जड जॉबला मात्र हा पाइप वाकतो, ब्रेक ड्रम किंवा फोर्जिंगचे डबे ठेवायचे असतील तर जाड सेक्शनच वापरा, बोल्टनं जोडलेलं.

पॉवर कन्व्हेयर लागतोच अशा जागा आहेत, वॉशिंग मशीन, पेंट शॉप, लांबलचक असेंब्ली. तिथं एकच २० मीटरचा पट्टा न घेता दोन-तीन मीटरचे मॉड्यूल घ्या, प्रत्येकाला स्वतःची मोटर. अन् एक गोष्ट लक्षात ठेवा, मशीन हलवणं सोपं आहे, तिची केबल अन् हवेची लाइन हलवणं अवघड. वरून बसबार (जागोजागी जोड घेता येणारी विजेची पट्टी) अन् ठराविक अंतरावर क्विक कपलरवाले एअर पॉइंट काढून ठेवले नसतील तर तुमची सगळी लवचिकता केबल ट्रेपाशी येऊन थांबते.

उचलायचं असेल तर

डाय, चक, मोठं कास्टिंग यासाठी जिब क्रेन (खांबाला आडवा फिरणारा हात असलेली) सगळ्यांना आवडते, पण उभ्या जिबला फाउंडेशन लागतं अन् काळ्या मातीत ते फाउंडेशन खोल जातं, म्हणजे ती क्रेन तिथंच राहणार. मशीन हलणार असेल तर चाकावरची पोर्टेबल गँट्री (दोन पायांवर आडवा बीम) बघा, नाहीतर वरून लटकणारी हलक्या प्रोफाइलची रेल, जी बोल्ट खोलून वाढवता येते. शेडचा ट्रस (छताचा लोखंडी सांगाडा) हे वजन घेईल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही लटकवू नका. शेड भाड्याचं असेल तर जागामालकालाही विचारा, नाहीतर वेगळाच लोचा.

होइस्टची (वर उचलणारं यंत्र) क्षमता बघताना ग्रिपरचं, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पंजाचं, वजन त्यातच धरायचं. २५० किलोचा होइस्ट, ४० किलोचा ग्रिपर, तर जॉब २१० चाच. प्रत्येक व्हेरियंटला ग्रिपर वेगळा लागत असेल तर पिन काढून बदलता येणारा घ्या. अन् क्रेन, होइस्ट, साखळ्या, स्लिंग यांची वर्षातून एकदा कंपिटंट पर्सनकडून (अशा तपासणीसाठी मान्यता असलेला माणूस) तपासणी अन् सर्टिफिकेट हे कागदासाठी नाही, ऑडिटच्या आधी पळापळ करण्यात काही अर्थ नाही.

जालन्याच्या रोलिंग मिलवाल्यांनी हा भाग सोडून द्यावा, तिथं बिलेटचा (स्टीलचा ठोकळा) रस्ता ठरलेला असतो अन् ईओटी क्रेनला (छताखाली रुळांवर धावणारी विजेची क्रेन) पर्याय नाही. लातूरच्या डाळ मिलमध्येही पोती उचलायचं गणित वेगळं.

हँड पॅलेट ट्रक अन् फोर्कलिफ्ट

हँड पॅलेट ट्रक (पॅलेटखाली काटे घालून हातानं ओढायची गाडी) घ्याच. अडीच टनाचा, काटे ११५० मिमीचे, खाली असताना ८५ मिमी उंच. पॅलेट निवडताना हे ८५ लक्षात ठेवा, काही लाकडी पॅलेटमध्ये काटाच शिरत नाही. फोर्कलिफ्टला वळायला साडेतीन मीटरचा गँगवे लागतो, हँड पॅलेट ट्रकला दोन मीटर पुष्कळ झाले. म्हणजे लाइनच्या आत फोर्कलिफ्ट येऊ द्यायची नाही एवढं जरी ठरवलं तरी शेडमधली किती जागा मोकळी होते बघा. फोर्कलिफ्ट रिसीव्हिंग अन् डिस्पॅचला ठेवा, काम कमी असेल तर भाड्यानं. तिच्या क्षमतेची पाटी नीट वाचा, दीड टन लिहिलेलं असतं ते ५०० मिमीच्या लोड सेंटरला, म्हणजे वजनाचा मध्य काट्याच्या मुळापासून ५०० मिमीवर असताना, लांब जॉब काट्याच्या टोकाला घेतला तर क्षमता झपकन उतरते.

बॅटरीवालं काहीही घेताना आपला उन्हाळा डोळ्यासमोर ठेवा. बाहेर ४२ असलं की पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या वरच असतं. लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं भराभर घटतं, पाणी लवकर उडतं, चार्जिंगला आठेक तास जातात अन् नंतर थंड व्हायलाही वेळ लागतो, म्हणजे तीन शिफ्टला दुसरी बॅटरी आलीच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर, वेल्डिंगपासून लांब. लिथियम महाग, पण चहाच्या सुट्टीत थोडं थोडं चार्ज करून चालतं.

रोबो गाडी कधी

एक्स्पोमध्ये एजीव्ही अन् एएमआर (दोन्ही बिनड्रायव्हरच्या गाड्या) फिरताना बघून मालक मोबाइलवर व्हिडिओ काढून आणतात, हे ठरलेलं. एजीव्ही मॅग्नेटिक टेप किंवा क्यूआरवर चालते, टेप कूलंटनं अन् फोर्कलिफ्टच्या चाकानं उखडते, अन् रस्ता बदलला की टेप परत चिकटवा. एएमआर लेझर स्कॅनरनं नकाशा बनवून चालते, रस्ता सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो, म्हणून बदलत्या लाइनला एएमआरच योग्य. पण तिला फ्लोअर बरा लागतो, वायफाय शेडभर सलग लागतं, अन् ती फक्त नेते, डबा चढवायचा-उतरवायचा कोणी हा प्रश्न तसाच राहतो. डबा एक अन् उंची एक असेल तर वर रोलर बसवून ती स्वतः घेऊ-देऊ शकते, नसेल तर शेजारी माणूस उभा करावाच लागतो, मग बचत कसली? दोन महिने ट्रॉलीनं त्याच रस्त्यावर त्याच वेळापत्रकात फेऱ्या मारून बघा, ते जमलं तर रोबोचं बोला. व्हेंडरला आयएसओ ३६९१-४ बद्दल विचारा, बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या सुरक्षेचं ते स्टँडर्ड आहे. उत्तर देताना तो अडखळला तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

ऑर्डर देताना

एकदम दहा घेऊ नका. एक नमुना मागवा, लाइनवर तिन्ही शिफ्टच्या लोकांना वापरू द्या, रात्रपाळीवाल्यांना तर नक्की, कारण दिवसा कोणी न सांगितलेल्या तक्रारी तेच सांगतात. हँडल उंच आहे, पाय चाकाखाली येतो, डबा मागून पडतो. मग ड्रॉइंग सुधारा अन् बाकीचे नऊ सांगा.

पीओमध्ये (परचेस ऑर्डर) हे लिहून घ्या: चाकाचं मटेरियल, व्यास, क्षमता, सगळे जोड बोल्टचे, पायाची उंची किती बदलणार, सुरक्षित भार मोठ्या अक्षरात रंगवलेला, मराठीत अन् हिंदीत, कारण हेल्पर दोन्हीकडचे असतात, अन् स्पेअर. हँड पॅलेट ट्रकचा सील किट, चाकं, रोलरचे बेअरिंग सोबतच मागवा. सर्व्हिस इंजिनिअर कुठं बसतो हे आधी विचारा. पुण्याचा असेल तर फोन केल्यावर तो नगर रोडनं येईस्तोवर तुमची शिफ्ट संपलेली असते, त्यापेक्षा पाच टक्के महाग पण चिकलठाण्यात दुकान असलेला परवडला.